ब्लॅक बाळंतिणीला स्तनपानात मदत करताना: आधी काय विचारायचं, मग काय शिकवायचं

अमेरिकेत नर्स, आहारतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ किंवा डूला (बाळंतपणात सोबत राहणारी मदतनीस) म्हणून काम करणाऱ्या मराठी बायका पुष्कळ आहेत. अटलांटा, डेट्रॉइट, बाल्टिमोर अशा शहरांत त्यांच्याकडे येणाऱ्या बाळंतिणींपैकी बऱ्याच जणी ब्लॅक असतात. त्यांच्याबरोबर काम करताना आपण त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा करतो, म्हणून हे लिहिते आहे. खालच्यांपैकी निम्म्या चुका मी स्वतः केलेल्या आहेत.

बाळानं स्तन कसा धरायचा, दूध हातानं कसं काढायचं, हे आपल्याला येतं. ते येतं म्हणून आपण पहिल्याच भेटीत सांगायला घेतो. समोरची हसून मान डोलावते आणि पुढच्या वेळी फोन उचलत नाही.

## तयारी: तिला भेटण्याआधी

आधी स्वतःची हद्द ठरवा. दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलेली स्वयंसेविका आणि प्रमाणित स्तनपान सल्लागार यांत फरक आहे. औषध, बाळाचं वजन, कावीळ यांवर निर्णय देणं आपलं काम नसेल तर तसं पहिल्याच भेटीत सांगून टाका.

साहित्य तपासा. माझ्या पिशवीतली बाहुली कित्येक महिने गुलाबी होती आणि कापडी स्तनाचा नमुनाही गुलाबीच. एका बाईनं तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "हा कोणाचा?" त्यानंतर तपकिरी बाहुली आणली. तुमच्या पत्रकातले फोटोही असेच तपासा, विशेषतः स्तनदाहाचे. बहुतेक फोटोंत गोऱ्या कातडीवरचा लाल चट्टा असतो आणि गडद कातडीवर तो तसा दिसतच नाही. हा मुद्दा पायरी ५ मध्ये सविस्तर येईल.

शब्दही सांभाळा. मराठी वर्तमानपत्रं "कृष्णवर्णीय" लिहितात, जुन्या मराठी पुस्तकांत आणखी एक शब्द सापडतो, तो तोंडातून कधीच निघू देऊ नका. इथे "ब्लॅक" म्हणा. घरात मराठीत बोलताना आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा "काळे लोक" हा शब्दही सोडा. सवय घरात सुटली तरच बाहेर सुटते.

आपल्या गावात ब्लॅक बायकांनीच चालवलेला स्तनपान गट आहे का, ते शोधून ठेवा. अटलांटातली "रोझ", डेट्रॉइटमधली "ब्लॅक मदर्स ब्रेस्टफीडिंग असोसिएशन" ही त्यातली ठळक नावं. ऑगस्टच्या २५ ते ३१ तारखेला ब्लॅक ब्रेस्टफीडिंग वीक असतो, तो २०१३ पासून सुरू आहे. त्या आठवड्यात असे गट भेटणं सोपं जातं. आपण एकट्यानं सगळं पेलायचं नाही. स्वतःसारख्या दिसणाऱ्या, बाळाला अंगावर पाजणाऱ्या चार जणी तिला भेटल्या की अर्धं काम होतं.

तपासा: पिशवीत गडद रंगाची बाहुली, जवळच्या गटाचा फोन, विमा कंपनीला विचारायच्या प्रश्नांचा कागद. यातलं एकही नसेल तर पहिली भेट पुढे ढकला.

## पायरी १: पहिली भेट, फक्त ऐकण्याची

सातवा महिना ही चांगली वेळ. बाळंतपण झाल्यावर उशीर होतो.

या भेटीत काहीही शिकवायचं नाही. हे मराठी माणसाला फार जड जातं, कारण सल्ला न देता उठणं म्हणजे आपल्याला पाहुणचार न करता पाठवल्यासारखं वाटतं. तरीही फक्त विचारा:

- यापूर्वी कोणाला पाजलं आहे का? तेव्हा काय झालं? कुठे थांबलं?
- तुझ्या आईनं, आजीनं पाजलं होतं का? त्यांचं काय म्हणणं आहे?
- बाळ झाल्यावर किती दिवसांत कामावर जायचं आहे? काम कसलं आहे?
- दवाखान्यात तुझं ऐकलं जातं का?

शेवटचा प्रश्न टाळू नका. या देशात बाळंतपणाशी संबंधित कारणांनी ब्लॅक बायका दगावण्याचं प्रमाण गोऱ्या बायकांच्या सुमारे तिप्पट आहे, आणि हे तिला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. आपलं दुखणं सांगून कोणी कानावर घेतलं नाही, असा अनुभव तिला किंवा तिच्या बहिणीला आलेला असण्याची शक्यता मोठी.

आजीबद्दल थोडं. कोणाकडे आजी उत्साही असते, कोणाकडे बाटलीवर ठाम. गुलामीच्या काळात ब्लॅक बायकांना मालकाच्या मुलांना पाजायला लावलं जाई आणि त्यांची स्वतःची मुलं मागे पडत. पुढे पावडरच्या दुधाच्या जाहिरातींनी त्यांच्या घरांत पाय रोवले. त्यामुळे आजीच्या "आम्ही बाटलीवरच वाढवली मुलं, काय बिघडलं?" या वाक्यामागे बरंच काही असू शकतं. त्यावर वाद घालायचा नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत वडीलधाऱ्या बाईला हाक मारताना नावाआधी "मिस" लावतात, तेवढं शिकून घ्या. नुसत्या पहिल्या नावानं हाक मारलीत तर आजी तुमचं पुढचं काही ऐकणार नाही.

नेहमीच्या चुका: आकडे सुनावणे. २०१५ साली जन्मलेल्या बाळांपैकी ब्लॅक बाळांमध्ये ६९.४ टक्क्यांना आणि गोऱ्या बाळांमध्ये ८५.९ टक्क्यांना अंगावरचं दूध सुरू झालं होतं, असं सीडीसीनं (अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेनं) नोंदवलं आहे. सहाव्या महिन्यापर्यंत पाजण्याचं प्रमाण ४४.७ आणि ६२ टक्के. हे आकडे तुमच्या आखणीसाठी आहेत. तिच्यासमोर ते म्हणजे "तुम्ही लोक कमी पडता" असंच ऐकू येतं. दुसरी चूक, "आमच्याकडे भारतात सगळ्याच पाजतात" हे वाक्य. आणि तिसरी, डिंकाचे लाडू.

## पायरी २: बाळंतपणाआधीच कामाचं गणित

पाजण्याचं गणित इथे बहुतेकदा नोकरीपाशी अडतं, म्हणून ते आधी सोडवायचं. पुष्कळ जणी तासावारी काम करतात आणि काही आठवड्यांतच परत रुजू होतात. केंद्रीय कायद्यानं मिळणारी रजा १२ आठवड्यांची, तीही बिनपगारी. त्यासाठी मालकाकडे ५० किंवा जास्त कर्मचारी हवेत, तिची १२ महिने नोकरी झालेली हवी आणि त्या वर्षात १,२५० तास भरलेले हवेत. यातली एक अट चुकली तर केंद्राची ही रजाही नाही. राज्याचा वेगळा नियम असेल तर तो पाहा.

क्रम असा ठेवा:

१. रजेची तारीख कागदावर लिहा. "बघू" चालणार नाही. परतीची तारीख कळली की त्याच्या दोन-तीन आठवडे आधी दूध काढून साठवायला कधी लागायचं, ते ठरवता येतं.

२. पंप मागवा. बहुतेक खासगी विम्यांना दूध काढण्याचा पंप द्यावाच लागतो. मेडिकेडचे (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी विम्याचे) नियम राज्यागणिक वेगळे असल्यामुळे तिनंच फोन करून विचारावं, तुम्ही शेजारी बसा. पंपाच्या स्तनावर बसणाऱ्या तोंडाचं माप नीट हवं. ते लहान किंवा मोठं असलं तर दुखतं आणि दूधही कमी येतं, मग "मला दूधच नाही" असा समज होतो.

३. मालकाला लेखी कळवा. २०२२ च्या डिसेंबरमध्ये झालेल्या पंप कायद्यानं बहुतेक कर्मचाऱ्यांना बाळ एक वर्षाचं होईपर्यंत दूध काढण्यासाठी वेळ आणि आडोशाची जागा मिळते. शौचालय ही जागा धरली जात नाही. ५० पेक्षा कमी कर्मचारी असलेला मालक फार अडचण होत असल्याचं दाखवून सूट मागू शकतो. ईमेल चार ओळींचा असू द्या: तारीख, दिवसातून किती वेळा, किती मिनिटं, जागा कुठली. भांडणाचा सूर नको, पण तोंडी बोलण्यावर विसंबूही नका.

४. विकमध्ये नाव घाला. बायका आणि लहान मुलांच्या पोषणाची ही सरकारी योजना आहे. पूर्ण अंगावर पाजणाऱ्या आईला तिथे जास्त जिन्नस मिळतात आणि बाळ वर्षाचं होईपर्यंत मिळतात. न पाजणाऱ्या आईला सहा महिन्यांपर्यंतच. बऱ्याच ठिकाणी पाजण्याचा अनुभव असलेल्या, सल्ला देणाऱ्या बायकाही असतात. "असू दे घरात" म्हणून पहिल्याच महिन्यात पावडरचे डबे घेतले की मिळणारा शिधा बदलतो, हे तिला आधी सांगा. निर्णय तिचा.

## पायरी ३: दवाखान्यातले पहिले दोन दिवस

२०१४ साली सीडीसीनं पाहणी करून सांगितलं की ब्लॅक वस्ती जास्त असलेल्या भागांतल्या प्रसूतिगृहांत लवकर पाजायला घेणं, बाळ आईजवळ ठेवणं आणि विनाकारण वरचं दूध न देणं या गोष्टी कमी पाळल्या जातात. तेव्हा सगळं आपोआप नीट होईल असं धरून चालू नका.

एका पानावर तिची इच्छा लिहून घ्या आणि ते पान कोण दाखवणार, ते ठरवा: नवरा, बहीण, डूला. कळा सोसणाऱ्या बाईनं वाटाघाटी करू नयेत. पानावर इतकंच: जन्मल्याबरोबर बाळ उघड्या छातीवर, पहिल्या तासात पाजणं, बाळ खोलीतच, वरचं दूध देण्याआधी कारण सांगावं.

सिझेरियन झालं तरी बाळ छातीवर ठेवता येतं. बाळ नवजात अतिदक्षता विभागात गेलं असेल तर थांबू नका. पहिल्या काही तासांत, फार तर सहा तासांच्या आत, हातानं चीक काढायला लागायचं आणि चोवीस तासांत किमान आठ वेळा काढायचा, त्यातला एकदा रात्री. ब्लॅक बायकांची बाळंतपणं वेळेआधी होण्याचं प्रमाण जास्त असल्यामुळे ही वेळ तुमच्यावर येणारच. चीक म्हटलं की आपल्याला खरवस आठवतो, पातेलंभर. इथे पहिल्या दिवशी बाळ एका वेळी २ ते १० मिली घेतं, म्हणजे जेमतेम अर्धा ते दोन चमचे. एवढुसं दूध पाहून आई घाबरते, तेव्हा हा आकडा तिला आधीच माहीत हवा.

सावध: साखर उतरणं, वजन फार घटणं, वाढती कावीळ ही वरचं दूध देण्याची खरी कारणं असू शकतात. तुम्ही दारात उभं राहून विरोध करायचा नाही. तिनं एवढंच विचारावं, "कारण काय, किती द्यायचं, आणि मी त्याच वेळी माझं दूध काढू का?"

## पायरी ४: बाळाची पकड

हात लावण्याआधी विचारा, दर वेळी विचारा. तिचा स्तन हातात घेऊन बाळाच्या तोंडात कोंबणारी मदतनीस मी पाहिली आहे, आणि सुरुवातीला तशी मी स्वतःही होते. आता बाहुलीवर दाखवते आणि ती करताना पाहते.

१. आईची पाठ टेकलेली, खांदे सैल. बाळ आईकडे आणा, आईनं पुढे वाकायचं नाही.
२. बाळाचं पोट आईच्या पोटाला, कान-खांदा-कंबर एका रेषेत.
३. स्तनाग्र बाळाच्या नाकासमोर ठेवून वरच्या ओठाला लावा. जांभई दिल्यासारखा मोठा आ झाला की पटकन जवळ घ्या, हनुवटी आधी टेकवा.
४. बाळाचं डोकं मागून दाबू नका. खांद्याच्या मागे आधार द्या.

पकड नीट असेल तर खालचा ओठ बाहेर मुडपलेला, गाल गोल, आणि पान्हा सुटल्यावर गिळण्याचा हलका आवाज. गाल आत ओढले जात असतील किंवा पहिल्या काही सेकंदांनंतरही दुखत असेल, तर बोट घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. दुखतं तर दुखू दे, हा सल्ला देऊ नका.

## पायरी ५: पहिले पंधरा दिवस आणि गडद कातडीवरच्या खुणा

चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजणं. ओले डायपर पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, असे वाढत पाचव्या-सहाव्या दिवसापासून सहा किंवा जास्त. शी काळसर हिरवीवरून पाचव्या दिवसापर्यंत पिवळी. जन्माचं वजन १० ते १४ दिवसांत परत यायला हवं. मोजदाद फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर ठेवा. फोनमधलं अॅप रात्री तीन वाजता कोणी उघडत नाही.

पुढचा भाग नीट वाचा, कारण इथली चूक महागात पडते.

कावीळ. गडद कातडीच्या बाळाचा पिवळेपणा अंगावर चटकन दिसत नाही. डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या उजेडात पाहा. तरीही डोळ्यांवर विसंबू नका, बिलिरुबिनची (काविळीचं प्रमाण सांगणारी) तपासणी मागा. तिसऱ्या ते पाचव्या दिवशीची डॉक्टरांची भेट चुकवायची नाही. बाळ झोपाळू असेल, पाजायला उठत नसेल, तर त्याच दिवशी फोन. आफ्रिकन वंशाच्या कुटुंबांत जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता तुलनेनं जास्त आढळते. अशा बाळाला डांबराच्या गोळ्यांमुळे रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. कपाटात गोळ्या घालून ठेवलेले जुने बाळकपडे प्रेमानं भेट देण्याची सवय आपल्याला आहे. ती इथे सोडा.

ड जीवनसत्त्व. अंगावर पिणाऱ्या प्रत्येक बाळाला पहिल्या काही दिवसांपासून रोज ४०० युनिट थेंबानं द्यायला बालरोगतज्ज्ञ सांगतात. गडद कातडीला उन्हातून हे जीवनसत्त्व मिळायला जास्त वेळ लागतो, म्हणून इथे विसर पडला तर मुडदुसाचा धोका वाढतो. डिस्चार्जच्या कागदात थेंब लिहिलेत का, ते पाहा.

स्तनदाह. लाली शोधत बसू नका. गडद कातडीवर ती जांभळट, तपकिरी किंवा अजिबात न दिसणारी असते. आईला स्वतःचा हात लावून दोन्ही बाजूंची तुलना करायला सांगा: कुठे गरम, कुठे टणक, कुठे दाबल्यावर दुखतं. सोबत अंगात कणकण, थंडी, १०१ फॅरनहाइटपेक्षा जास्त ताप असेल तर डॉक्टर. फोनवर "लाल झालंय का?" विचारलं आणि तिनं "नाही" म्हटलं की नर्स घरीच थांबा म्हणते. तेव्हा तिला आधीच सांगून ठेवा: "लाल नाही, पण गरम आणि कडक आहे, माझ्या कातडीवर लाली दिसत नाही."

गच्च दाटलेल्या छातीला गरम शेक आणि जोरात मालिश हा आपला आवडता इलाज. २०२२ पासूनचा सल्ला उलटा आहे: थंड पट्टी, हलका हात, बाळ मागेल तसं पाजणं. रिकामं होईपर्यंत पंप चालवत राहिलं तर दूध आणखी वाढतं आणि सूजही.

ताबडतोब दवाखाना (आईसाठी): न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, छातीत दुखणं, दम लागणं, तासाभरात पॅड भिजवणारा रक्तस्राव. रक्तदाबाचा वरचा आकडा १६० किंवा खालचा ११० किंवा त्याहून जास्त असेल तर वाट पाहू नका, ९११ लावा. बाळंतपणानंतरही आठवडे उलटून हे होऊ शकतं. सांगायचं वाक्य: "मी नुकतीच बाळंत झाले आहे." हे पहिलंच बोलायचं, बाकी मागून. रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या तर पाजणं बंद करायची घाई नको. लॅबेटॅलॉल, निफेडिपिन सहसा चालतात, पण डॉक्टरांना विचारूनच.

## पायरी ६: कामावर परतताना

साठवण महिनाभराची लागत नाही. पहिल्या दिवसाचं आणि वर थोडं पुरतं. दुसऱ्या दिवसाचं दूध ती पहिल्या दिवशी कामावर काढते. बाळापासून जितके तास दूर, तासाला साधारण ३० मिली असा अंदाज धरा.

ताजं दूध २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या खोलीत ४ तास, फ्रिजमध्ये ४ दिवस, फ्रीझरमध्ये ६ महिन्यांच्या आत वापरलेलं उत्तम. वितळवलेलं पुन्हा गोठवायचं नाही, फ्रिजमध्ये २४ तासांत संपवायचं. बाळानं तोंड लावलेली बाटली दोन तासांत. मायक्रोवेव्ह नको, गरम पाण्याच्या वाडग्यात ठेवा.

आता आजी. दिवसभर बाळ तिच्याकडेच असतं, म्हणून तिला काम द्या: बाळ बसतं धरून, बाटली आडवी, मध्ये मध्ये थांबत पाजणं. हे तिला करून दाखवा आणि तिच्याकडून करून घ्या. बाटलीत तांदळाचं सीरियल घालून बाळाला झोपवायची रीत बऱ्याच घरांत आहे, आपल्या गुटीसारखीच. "मिस, डॉक्टर म्हणतात सहा महिन्यांपर्यंत नको, गिळताना अडकतं" इतकं म्हणा. रागावून सांगितलेलं तुम्ही गेल्यावर पुन्हा सुरू होतं. एक वर्षापर्यंत मध नाही, हेही तेव्हाच सांगून टाका.

चूक: कमी दूध येतंय म्हणून पहिल्याच आठवड्यात हार मानणं. आधी पंपाचं माप, मग झडपेचा रबर, मग किती वेळा काढते ते पाहा. या क्रमानं पाहिलं की बऱ्याचदा दोष रबरात निघतो, तो काही डॉलरमध्ये बदलता येतो.

दोन्ही दूध चालवायचं तिनं ठरवलं तरी तुमचं काम चालूच. चेहऱ्यावर नाराजी दिसू देऊ नका. तिला ती लगेच कळते.

## पायरी ७: फोन कधी करायचा

"काही लागलं तर सांग" म्हटलं की कोणी सांगत नाही. तारखा ठरवा: घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी, बाळ पाच दिवसांचं झाल्यावर, दहाव्या दिवशी वजन केल्यावर, कामाच्या आदल्या रात्री, आणि कामाच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी. शेवटच्या फोनला बाळाचं विचारण्याआधी हे विचारा: आज जागा कुठे मिळाली, आणि दार आतून लागत होतं का.